आमच्या घरी कोणी धावत नाही

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आज मी तुमच्याशी एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द अगदी साधा, शाळेच्या पहिल्या पुस्तकातला. इंग्रजीत लिहायला तीन अक्षरं लागतात, मराठीत दोनच. ‘रन’. रन म्हणजे काय, असं कुणालाही विचारा, ‘धावणे’ हे उत्तर तयार असतं. मीही वर्षानुवर्षं तेच उत्तर देत होतो. मुंबईतल्या एका रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवायचो. फळ्यावर क्रियापदांची तीन रूपं लिहून द्यायचो: रन, रॅन, रन, म्हणजे धावणे. मुलं ती वहीत उतरवून घ्यायची, घोकायची, परीक्षेत लिहायची आणि मी गुण द्यायचो. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग एक दिवस या शब्दानं मला चांगलाच धडा शिकवला.

गोष्ट गिरणी संपानंतरची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतल्या हजारोंना पुन्हा कामावर जाता आलंच नाही. माझ्या वर्गात अशा घरांतली बरीच मुलं होती. दिवसा मिळेल ते काम करायची आणि संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांनी वर्गात येऊन बसायची. त्यांतला दहावीतला एक मुलगा एका खासगी कचेरीत मुलाखतीला गेला. जागा वरकामाची होती. पण साहेबांना थोडंफार इंग्रजी समजणारा मुलगा हवा होता.

साहेबांनी विचारलं, ‘इज युवर फादर वर्किंग नाऊ?’ हा म्हणाला, ‘नो सर. मिल स्ट्राइक.’ साहेबांचा पुढचा प्रश्न होता, ‘देन हू रन्स युवर हाऊस?’ पोरगा क्षणभर गोंधळला. मग शाळेत शिकलेलं सगळं आठवून त्यानं उत्तर दिलं, ‘नोबडी रन्स इन अवर हाऊस, सर. इट इज व्हेरी स्मॉल.’

समोरची मंडळी पोटभर हसली. नोकरी मिळाली नाही. ती एवढ्याच कारणानं हुकली, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तो वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, माझं काय चुकलं? ते हसले का?’

आणि श्रोतेहो, त्याच्या वाक्यात मला चूक सापडेना! ‘नोबडी’नंतर ‘रन्स’ला एस लावलेला. ‘इन अवर हाऊस’ बरोबर. ‘इट इज व्हेरी स्मॉल’ तर शंभर टक्के खरं. दहा बाय बाराची खोली आणि सहा माणसं. तिथं धावणार कोण आणि कुठं? चूक त्याच्या उत्तरात नव्हतीच. ती त्याच्या वहीत होती. ‘रन म्हणजे धावणे’ या ओळीपुढं माझ्या लाल शाईची बरोबरची खूण होती.

त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. आणि जसजसा मागे लागलो, तसतसा तो पुढे पळत राहिला.

इंग्रजीतला सगळ्यांत थोर कोश म्हणजे ऑक्सफर्डचा. त्याची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली निघाली. गंमत अशी की, आपल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली, तेही १८५७ सालीच. ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये छापून झाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. ज्यांनी या कामाला आयुष्य वाहिलं, ते संपादक जेम्स मरे १९१५ मध्येच वारले होते. १९८९ मध्ये या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. नुसतं ते समजावून सांगायला साठ हजार शब्द खर्ची पडले होते. मग तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्यानं तपासायला सुरुवात झाली आणि ‘सेट’चं सिंहासन डळमळलं. २००० मध्ये ‘मेक’नं त्याला मागं टाकलं, २००७ मध्ये ‘पुट’नं ‘मेक’ला मागं टाकलं आणि २०११ मध्ये या सगळ्यांच्या पुढं गेला आपला ‘रन’. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! ही एकच नोंद तयार करायला पीटर गिलिव्हर या कोशकारांना सुमारे नऊ महिने लागले. नऊ महिने म्हणजे, अहो, नेमका बाळंतपणाचाच काळ.

आता ६४५ अर्थ मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही, घाबरू नका. पण एवढे अर्थ या इवल्याशा शब्दाच्या पोटात शिरले कसे, ते पाहण्यासारखं आहे. त्यात एक शिस्त आहे.

पहिली पायरी म्हणजे पाय. माणूस धावतो, घोडा धावतो. दुसरी पायरी पाणी. नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, डोळ्यांतून आसवं ‘रन’ होतात आणि सर्दी झाली की नाकही ‘रन’ होतं. मराठीत नाक वाहतं किंवा गळतं, ते कधी धावत नाही. पण इंग्रजीत हा अर्थ नवा नव्हे. इंग्रजीची चुलत बहीण म्हणजे जर्मन भाषा. तिच्यात ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे पाझरणे, वाहणे. म्हणजे पाय आणि पाणी हे दोघे या घराण्यात फार जुने शेजारी आहेत. कपड्याचा रंग जातो, तेव्हाही इंग्रजीत रंग ‘रन’ होतो. रस्ता या गावापासून त्या गावापर्यंत ‘रन’ होतो. रस्ता कधी जागचा हलतो का? पण नदीसारखा लांब पसरलेला दिसतो ना, मग तोही धावला.

तिसरी पायरी यंत्राची. पाण्यानं चाक फिरलं, वाफेनं इंजिन फिरलं, विजेनं मोटर फिरली आणि इंग्रजांनी या सगळ्यांना ‘रन’ लावलं. यंत्र एकदा सुरू केलं की पाण्यासारखं आपलं आपण चालत राहतं, म्हणून. आगगाडी ‘रन’ होते, बस दर दहा मिनिटांनी ‘रन’ होते, संगणकावर प्रोग्रॅम ‘रन’ होतो. नाटकही ‘रन’ होतं. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लागलं. त्याचा ‘रन’ मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं पहिल्यांदा तुटला आणि मे २०२१ मध्ये नाटक पुन्हा सुरू झालं. सदुसष्ट वर्षांहून अधिक काळ न थांबता धावलेलं नाटक!

आणि चौथी पायरी महत्त्वाची. जे आपोआप चालतं, त्याला चालवणारा कुणी तरी असतोच. मग दुकान ‘रन’ करणारा आला, शाळा ‘रन’ करणारी आली, घर ‘रन’ करणारी आली. माझा विद्यार्थी अडखळला तो या चौथ्या पायरीवर. कारण मी त्याला पहिल्या पायरीवरच उभं करून ठेवलं होतं.

आता काही गमती सांगतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, धावतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ करतो, उभा राहतो. आपण या बाबतीत ब्रिटिशांच्या बाजूचे. आपला उमेदवारही निवडणुकीला उभाच राहतो. निवडून आल्यावर तो कुठे बसतो, ते तुम्ही जाणताच. बँकेवर ‘रन’ येतो, तेव्हा तर प्रत्यक्षात कुणीच धावत नसतं. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेवर असा ‘रन’ आला. ठेवीदार आपले पैसे काढायला शाखांबाहेर तासन्‌तास रांगेत उभे होते. पाय जागच्या जागी, धावत होती ती छातीतली धडधड. क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू सीमापार टोलवतो आणि बॅटवर रेलून उभा राहतो. एक पाऊलही न धावता त्याच्या नावावर चार ‘रन’! आणि आपल्या रेल्वेत ‘रनिंग रूम’ नावाची खोली असते. तिथं कोण धावतं? कुणीच नाही. लांबची गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड तिथं झोपतात. गाडी धावती ठेवणारे ते ‘रनिंग स्टाफ’ आणि त्यांच्या विश्रांतीची ती ‘रनिंग रूम’.

आपल्याकडे तर हा शब्द इंग्रजी न शिकलेल्या माणसांनीही खिशात घातलाय. सुतार फर्निचरचा भाव ‘रनिंग फुटा’वर सांगतो. गॅरेजवाला विचारतो, ‘गाडीचं रनिंग किती झालं?’ लोकलमध्ये चढणाऱ्याला मागून कुणी तरी ओरडतं, ‘अरे, रनिंगमध्ये चढू नको!’ जानेवारी २०२१ मध्ये कोरोना लसीकरणाची देशभर रंगीत तालीम झाली, तेव्हा ‘ड्राय रन’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रोज दिसू लागला. यांतल्या कुणालाही ‘धावणे’ या अर्थाची अडचण आली नाही. कारण त्यांनी हा शब्द कोशातून उचलला नाही, कामातून उचलला. सुताराला ‘रनिंग’ भेटलं ते ‘फुटा’चा हात धरून. मेकॅनिकला भेटलं ते गाडीत बसून. तिथं चूक होणार कशी?

मला वाटतं, सगळं मर्म इथंच आहे. शब्द एकटा असला की मुका असतो. त्याच्या शेजारी दुसरा शब्द येऊन बसला की तो बोलायला लागतो. आपण मात्र शाळेत शब्दांना एकेकटं गाठतो, त्यांच्या गळ्यात एका अर्थाची पाटी अडकवतो आणि मुलांना सांगतो, झालं, हा शब्द तुम्हाला आला.

आणि ही काही इंग्रजीचीच तऱ्हा नाही. आपलंच ‘चालणे’ घ्या. बाळ चालतं. दुकान चालतं. कोर्टात खटला चालतो. सिनेमा चालतो किंवा चालत नाही. फाटकी नोट चालत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री डोकं चालत नाही. उपासाला साबुदाणा चालतो. आता साबुदाण्याला पाय कुठले? पण कोणत्याही मराठी मुलाला या वाक्याचं कोडं पडत नाही. ‘उद्या येऊ का?’ ‘चालेल!’ कोण चालणार आहे, असं कुणी विचारत नाही. पैशाला आपण चलन म्हणतो. गाण्याला चाल लावतो. सैन्य चाल करून येतं. आणि एखादा माणूस ‘चालू’ आहे असं म्हटलं, तर तो चालण्याचा व्यायाम करतो असा अर्थ कुणी घेत नाही. सगळे आपापलं पाकीट सांभाळतात.

‘धावणे’ सुद्धा काही कमी नाही. आपण धावती भेट देतो, एखाद्या विषयाचा धावता आढावा घेतो. संकटात मित्र धावून येतो. भक्त देवाचा धावा करतो. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं वर्णन मराठी माणसांनी कानात प्राण आणून ऐकलं; पंडित मात्र माईकसमोर एका जागी बसलेले असत. ‘धावतं वर्णन’ हा शब्दप्रयोग आपण इंग्रजी ‘रनिंग कॉमेंटरी’वरून घडवला आणि तो मराठीत इतका मुरला, की आता परका वाटत नाही. आणखी मागं जा. संस्कृतच्या धातुपाठात ‘धाव्’ या धातूचे दोन अर्थ दिले आहेत, गती आणि शुद्धी. म्हणून तर दात घासण्याला दंतधावन म्हणतात. नाही तर सकाळी सकाळी दात कुठं धावायला निघाले, असं म्हणायची पाळी आली असती!

सांगायचं काय, की एकाच शब्दाचे पन्नास अर्थ सांभाळण्याची कला आपल्या प्रत्येक मुलाला येते. ती तो आईच्या मांडीवर शिकतो. ‘चालणे’चे अर्थ त्याला कुणी यादी करून पाठ करायला लावलेले नसतात. त्यानं दुकान चालताना पाहिलेलं असतं, साबुदाणा चालताना ऐकलेलं असतं. तोच मुलगा इंग्रजीच्या तासाला बसला की एकदम मठ्ठ ठरतो. मुलगा तोच असतो. आपण त्याला शब्द देतो, पण त्या शब्दाचे सोबती देत नाही.

त्या मुलाखतीनंतर मी शिकवण्याची पद्धत बदलली. फार मोठं काही केलं नाही. ‘रन’ आला की तीन प्रश्न विचारायचे, एवढंच मुलांना सांगू लागलो. श्रोत्यांमध्ये कुणी विद्यार्थी असतील, त्यांच्या घरी कुणी विद्यार्थी असतील, तर त्यांच्यासाठी ते तीन प्रश्न सांगतो.

पहिला प्रश्न, ‘रन’ कोण करतंय? माणूस किंवा जनावर असेल, तर बहुधा धावणे. पाणी, रंग, नाक असेल, तर वाहणे. यंत्र, गाडी, नाटक असेल, तर चालणे.

दुसरा प्रश्न, ‘रन’च्या लगेच पुढं कुणाचं नाव येतंय का? रन अ शॉप, रन अ स्कूल, रन अ हाऊस. असं नाव आलं की बहुतेक वेळा चालवणे. इथं मराठी मुलाची खरी अडचण असते. आपण ‘चालणे’चं ‘चालवणे’ करतो, ‘फिरणे’चं ‘फिरवणे’ करतो. शब्दाचं रूपच बदलतं, त्यामुळं कान लगेच सावध होतो. इंग्रजीतला ‘रन’ तसा काही इशारा देत नाही. चालणारा आणि चालवणारा, दोघांसाठी एकच सदरा. म्हणून त्याच्या पुढं कोण उभं आहे, हे पाहावं लागतं.

तिसरा प्रश्न, ‘रन’च्या पाठीशी एखादा चिमुकला शब्द चिकटलाय का? ‘आऊट’ चिकटला, तर साखर संपली. ‘इनटू’ चिकटला, तर रस्त्यात जुना मित्र भेटला. ‘ओव्हर’ चिकटला, तर कुणी तरी गाडीखाली सापडलं. साखर संपणं आणि गाडीखाली सापडणं यांत केवढा फरक! पण तो सगळा फरक त्या शेपटीएवढ्या शब्दात असतो.

या तीन प्रश्नांनी ६४५ अर्थ काही येत नाहीत. ते साहेबालाही सगळे येत नसतील. पण निम्म्याहून अधिक वेळा माणूस तरून जातो. आणि उरलेल्या वेळी? उरलेल्या वेळी न लाजता विचारावं, ‘म्हणजे काय?’ आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही, यापेक्षा ‘म्हणजे काय?’ असं विचारायची त्यांना भीती वाटते, हे मला जास्त लागतं. त्या कचेरीत त्या मुलानं नुसतं ‘सॉरी सर, समजलं नाही’ म्हटलं असतं, तरी प्रश्न सुटला असता. पण वहीत अर्थ लिहिलेला होता ना! वर मास्तरांची खूणही होती. मग शंका घ्यायची कशाला?

आता शेवटी त्या मुलाचंच सांगतो. तो ‘सर, माझं काय चुकलं?’ म्हणून आला, तेव्हा मी त्याला उत्तर देण्याआधी मराठीत विचारलं, ‘अरे, तुझ्या बाबांचं काम गेलंय. मग घर कोण चालवतं?’

तो पटकन म्हणाला, ‘आई चालवते, सर. पहाटे उठून पापड लाटते, दोन घरी पोळी-भाजी करते. शिवाय आमचं सगळं.’

‘तेच विचारत होते ते साहेब,’ मी म्हटलं.

तो गप्प झाला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग राग आला. त्या साहेबांचा होता की माझा, मला कळलं नाही. माझाच असावा. तो असायलाही हवा होता. ज्या प्रश्नाचं उत्तर तो रोज डोळ्यांनी पाहत होता, ज्या उत्तराचा त्याला अभिमान होता, ते उत्तर त्याच्या ओठांवर येऊ शकलं नाही. मधे माझी एक ओळ आडवी आली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ‘रन’ पुन्हा शिकवायला घेतला. या वेळी फळ्यावर अर्थ लिहिला नाही. मुलांनाच म्हटलं, ‘रन’ घालून आपल्या घरातलं एक खरं वाक्य लिहा. एकानं नळाचं लिहिलं, एकानं घड्याळाचं. मी त्या मुलाकडे पाहिलं. तो उठला, फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: ‘माय मदर रन्स अवर हाऊस.’

त्या दिवशी फळा पुसायची जबाबदारी माझी होती. मी तो पुसला नाही.